थांब्याची पायरी

भिंगरीबाई खुर्चीत बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. भूगोलाच्या वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर गुंडाळलेले नकाशे लोळत पडलेले असत. चहा खिडकीशी उभ्याउभ्याच, तोही अर्धा. उरलेला कप हातात घेऊन त्या कुठल्यातरी वर्गात शिरायच्या आणि कप तिथेच विसरून पुढे जायच्या. संध्याकाळी शिपाई कपाटांवरून, खिडक्यांवरून कप गोळा करत हिंडायचा आणि कुरकुरायचा, "मांजर निदान पिल्लं फिरवते, बाई. तुम्ही कप फिरवता."

कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं. पण याच शाळेत त्या पाचवीत आल्या तेव्हा कुणीतरी भिंगरी म्हणून हाक मारली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. शाळा सुटली, पुढचं शिकून त्या बाई होऊन परत आल्या, केस पिकले, मुलगा लग्न करून लांब गेला, तरी भिंगरी काही सुटली नाही. फक्त मागे 'बाई' लागलं.

नवरा जन्मभर ट्रक चालवत आला होता. चार माणसं जमली की त्याचा एक ठरलेला विनोद असे, "मी बसून बसून दुनिया पालथी घातली, आणि ही दिवसभर पळून फाटकाबाहेर गेली नाही." लोक हसत. भिंगरीबाईही हसत, आणि हसता हसता कुणाची तरी रिकामी बशी उचलून आत जात.

पण त्या आठवड्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सोमवारी मदरनी त्यांना वर कचेरीत बोलावलं होतं.

मदर म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. वय झालेलं, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. भिंगरीबाई शाळेत होत्या तेव्हा हीच मदर तरुण सिस्टर होती आणि गणित शिकवायची. त्या काळी शाळेमागच्या घरात सिस्टरांचा गोतावळा होता. एकेक करून कुणाची बदली झाली, कुणाला देवाघरचं बोलावणं आलं, नवीन कोणी येईना. आता पांढऱ्या झग्यातली ही एकटी उरली होती आणि तिलाही म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात जायचा हुकूम आला होता.

"बस," मदर म्हणाल्या.

"बरी आहे अशीच."

"बरं, उभी राहून ऐक. गुरुवारी संस्थेची मंडळी येणार आहेत. माझ्या जागी मी तुझं नाव सांगितलंय."

भिंगरीबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, या हातातून त्या हातात केला. "माझं? मदर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गुडघे नाहीत. डोकं आहे."

"मोठ्या बाईंना बसावं लागतं. पालक येतात, इन्स्पेक्टर येतात. मी तर येत्या सुट्टीत नोकरी सोडणार म्हणून सांगितलंय तुम्हाला."

"सांगितलंस. आणि मीही तुला सांगते. आतलं कोणी पुढे झालं नाही, तर आपली शाळा नदीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडणार. संस्थेचे फादर तसे भले आहेत, पण त्यांच्यामागे दोघं बसलेत, एक वकील आणि एक कंत्राटदार. त्यांना एका फटक्यात दोन शाळांची एक करायचीय. मग ही इमारत गेली, आपला दुपारचा थांबा गेला, सगळं गेलं. गुरुवारी हो किंवा नाही सांग. तो पेपरवेट खाली ठेव, माझं डोकं दुखतं."

तेव्हापासून भिंगरीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. पाय तर आधीच थाऱ्यावर नसत, आता मनही नव्हतं.

*

शाळा कापड रंगवायच्या कारखान्यात भरे. कारखाना कधीच बंद पडलेला. पण दमट हवा झाली की फरशीतून जुना रंग अजून वर यायचा, आणि नव्या मुली घाबरून विचारायच्या, "बाई, हे रक्त आहे?" दरवर्षी पहिल्या दिवशी नव्या मुलींना शाळा दाखवायचं काम भिंगरीबाईंकडे असे. त्या पुढे पळत आणि मुली मागे धापा टाकत.

तीन सिस्टरांनी ही शेड मागून घेतली होती. भिंती उभारायला काही नव्हतं, म्हणून छातीपर्यंत उंचीच्या लाकडी फळ्या लावून त्यांनी वर्ग पाडले. शेजारीच सूतगिरणी होती. तिथल्या कामगारांच्या मुली इथे यायच्या. दिवसभर यंत्रांची घरघर असे आणि तिच्यावर ओरडून शिकवावं लागे. फक्त दुपारी पाळी बदलताना यंत्रं जराशी थांबत. अशाच एका दुपारी पहिल्या मदरना दात वाजल्याचा आवाज आला. एक मुलगी सकाळपासून तापाने फणफणत बाकावर बसली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या गोंगाटात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पहिल्या मदरनी तिला पाठुंगळी घेतलं आणि दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी नेम घातला. यंत्रं थांबतील तेवढा वेळ आपणही थांबायचं. घंटा झाली की जो जिथे असेल तिथे. खडू फळ्यावर तर फळ्यावर, पाय उंबऱ्यात तर उंबऱ्यात. प्रार्थना ज्याची त्याने मनात करावी, नाही केली तरी चालेल, पण हलायचं नाही. कचेरीकडे जाणाऱ्या जिन्याच्या मधल्या पायरीवर मोठ्या बाईंनी उभं राहायचं. ज्याच्यामागे कामाचा जास्त धबडगा, त्याने सगळ्यांच्या देखत थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि एका माणसाने मात्र थांबायचं नाही. त्याने सगळ्या वर्गांमधून चालत जायचं आणि कुणाचं काही दुखतंखुपतंय का, ते बघायचं. त्याला 'फिरती' म्हणत. सूतगिरणी पुढे भंगारात गेली, थांबा मात्र राहिला.

भिंगरी मुलगी होती तेव्हा थांब्यात तिचं नाक खाजायचं, पायात मुंग्या यायच्या, नाही नाही ते आठवून हसू फुटायचं. शिक्षा करून करून गणिताच्या सिस्टरांनीच हात टेकले. शेवटी म्हणाल्या, "तुला थांबता येत नाही ना? मग फिर." तेव्हापासून, शिकायला बाहेर होती ती वर्षं सोडली, तर फिरती तीच.

आणि त्याचा तिला अभिमान होता. लपवून काय? चेहरा वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं भिंगरीबाई मानत. उपाशी आलेल्या, मार खाऊन आलेल्या, घरातलं भांडण पोटात घेऊन आलेल्या कितीतरी पोरी त्यांनी थांब्यात हेरल्या होत्या. अधूनमधून मदर म्हणत, "उद्या त्या खिडकीकडच्या वर्गात जरा नीट बघ गं." भिंगरीबाईंना वाटे, म्हातारीची सवय, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. पण त्या बघत, आणि काहीतरी सापडेच.

*

बुधवारी संध्याकाळी घरी आल्या तर नवरा टेम्पोत आडवा झाला होता. कंबरेने दगा दिल्यावर त्याने ट्रक सोडला आणि हा जुना टेम्पो घेतला. मागे फळ्या ठोकून पलंग केला होता, गादी घातली होती, कोपऱ्यात शेगडी बसवली होती, खिडकीला पडदासुद्धा लावला होता. भिंगरीबाईंची नोकरी सुटली की समुद्र उजव्या हाताला ठेवून निघायचं आणि रस्ता संपेपर्यंत परतायचं नाही, असा दोघांचा बेत होता. ती भूगोल शिकवते आणि तिने काही पाहिलेलं नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

"गादी बघ," तो म्हणाला. "आडवी हो जरा."

त्या आडव्या झाल्या, उठल्या, पडदा सरकवला, परत सरकवला.

"मऊ आहे."

"कळलं तुला? पाठ टेकायच्या आत उठलीस."

त्या शेगडीचं बटण फिरवून बघत राहिल्या. तो गादीवरून त्यांच्याकडे बघत होता.

"म्हातारी काय म्हणाली सोमवारी?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, आणि तीन दिवस तू गप्प आहेस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पोच्या दारापासून घराच्या पायरीपर्यंत येरझाऱ्या घालत सांगितलं, त्यामुळे त्याला अर्धंच ऐकू आलं. पण अर्ध्यात त्याला पुरं समजलं.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला वाटतं, मी नाही म्हणावं. मला वाटतं, नाही म्हटलं तर शाळा जाईल. मला वाटतं, खुर्चीत बसून मी मरेन."

"तू जेवताना दोनदा मीठ आणायला उठतेस, आणि मीठ टेबलावरच असतं. तू खुर्चीत बसून मरणार नाहीस, खुर्चीच मरेल."

"थट्टा नको."

"मग खरं बोलतो." तो कोपरावर टेकून उठला. "हो म्हण, नाही म्हण. पण उद्या कुणाच्या डोक्यावर खापर फोडू नकोस. शाळेसाठी राहिले असं मला सांगू नकोस, आणि नवऱ्यासाठी सोडलं असं त्यांना सांगू नकोस. तुझं तू ठरव."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी रस्त्यावरचा माणूस. वाट बघायची सवय आहे." असं म्हणून तो परत आडवा झाला, पण तोंड फळीकडे करून. भिंगरीबाईंना त्याची पाठ दिसली. ती पाठ काही वाट बघणाऱ्या माणसाची नव्हती.

*

गुरुवारी मंडळी आली. पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून ऐनवेळी दहावीच्या वर्गातले बाक ओढून आडवे लावले होते. फादर समोर बसले. एका बाजूला वकील, कडक इस्त्रीचे. दुसऱ्या बाजूला कंत्राटदार. तो भिंतींकडे, छपराकडे बघत होता आणि मनात काहीतरी तोडत होता, काहीतरी बांधत होता.

शाळेचा इतिहास सांगायला मुलींची प्रमुख उभी राहिली. सगळी शाळा तिला रेडिओ म्हणे. एकदा ऐकलं की पाठ. धडा असो, कविता असो, नाहीतर बाईंनी रागावून केलेलं भाषण असो, हातात चिटोरंही न घेता घडाघडा म्हणायची, आणि तेही समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून. तीन सिस्टर, रंगाची शेड, दात वाजणारी मुलगी. फादर मान डोलवत राहिले. वकीलसाहेबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"पोरगी हुशार आहे," कंत्राटदार म्हणाला. "पलीकडच्या शाळेत चमकेल."

त्याच्या मनात निकाल लागलेलाच होता.

थांब्याची वेळ झाली. मदर जिन्यापाशी आल्या, कठड्याला धरून पहिली पायरी चढल्या आणि थांबल्या. मग वळून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आज गुडघे ऐकत नाहीत. भिंगरी, तू जा वर."

"मी? आणि फिरती?"

"सायन्सच्या बाई फिरतील. जा, घंटा व्हायची वेळ झाली."

भिंगरीबाईंच्या लक्षात आलं. ही म्हातारी आपल्याला मंडळींसमोर तराजूत घालतेय. पण आता माघार घ्यायची कशी? त्या दणदण वर गेल्या, मधल्या पायरीवर वळल्या आणि घंटा झाली.

सगळं जिथल्या तिथे थिजलं.

त्यांना पहिल्यांदा जाणवली ती टाच. उजव्या टाचेला खाज सुटली. मग कानामागे. मग आठवलं की चहाचा कप आठवीच्या खिडकीत राहिलाय. हात कुठे ठेवावेत हे सुचेना. पुढे धरले तर भिकाऱ्यासारखं वाटे, मागे धरले तर हवालदारासारखं. खाली मंडळी मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती. देवा, एवढासा वेळ, पण एवढा लांब कसा? काहीतरी बघत राहावं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

आणि बघतच राहिल्या.

फळ्यांच्या भिंती छातीएवढ्याच. त्यामुळे मधल्या पायरीवरून सगळे वर्ग एका नजरेत येत, परडीत ठेवलेल्या अंड्यांसारखे. सायन्सच्या बाई डावीकडून निघाल्या होत्या. टक, टक, टक, त्यांच्या चपला वाजत होत्या. आणि त्यांच्या पुढेपुढे चेहरे सरळ होत चालले होते. कुणी बहिणीला चिमटा काढत होती, तिचा हात मागे गेला. कुणाचे डोळे भरून आले होते, ते पुसले गेले. कुणी तोंड वाकडं करून रुसली होती, तिचं तोंड देवळातल्या मूर्तीसारखं झालं. बाई पुढे सरकल्या की मागे सगळं परत जसंच्या तसं. चिमटा होता तिथे आला, रुसवा होता तिथे आला. वारा शेतातून जावा आणि मागे पीक उभं राहावं, तसं.

म्हणजे आपणही जात होतो तेव्हा हेच? एवढी वर्षं? आपण चेहरे वाचत होतो, की पोरींनी आपल्यासाठी काढलेली चित्रं बघत होतो?

तेवढ्यात त्यांची नजर दहावीच्या वर्गात गेली. रेडिओ भाषण संपवून जागेवर निघाली होती, आणि घंटेने तिला मध्येच, आडव्या लावलेल्या बाकांच्या गर्दीत गाठलं होतं. सायन्सच्या बाई शेजारून गेल्या तेव्हा ती कशी ताठ, डोळे समोर. बाई पुढे गेल्या. आणि रेडिओची मान हळूच वाकडी झाली. कोंबडी दाणा बघताना करते तशी. एका डोळ्याच्या कोपऱ्यातून ती खाली बघू लागली. हात मागे गेला, बोटं हवेत चाचपडली, बाकाचा कोपरा सापडला, त्या कोपऱ्यावर फिरली. मग पायाचा अंगठा पुढे सरकला, फरशी तपासत.

बाक हलवलेत हे त्या मुलीला दिसलंच नव्हतं.

भिंगरीबाईंचा पाय आपोआप खालच्या पायरीवर गेला. जिना करकरला. सगळ्या शाळेच्या माना वर झाल्या, आणि भिंगरीबाईंना झटक्यात कळलं की आता आपण धावलो तर या शेकडो डोळ्यांची वरात आपल्यामागे त्या पोरीपर्यंत जाईल. जे तिने एवढं झाकून ठेवलंय, ते चव्हाट्यावर येईल. त्यांनी पाय वर घेतला. दात आवळले. कठड्याची कड हातात अशी धरली की बोटं पांढरी पडली. अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती पळ, आणि त्या उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यात उपसलेल्या सगळ्या कष्टांत हे उभं राहण्याचे कष्ट वेगळेच होते.

खाली वकिलांनी फादरांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटले.

घंटा झाली.

*

मंडळी मदरच्या मागे वर कचेरीत निघाली. जाता जाता मदर भिंगरीबाईंना म्हणाल्या, "ये थोड्या वेळात." भिंगरीबाई आधी कँटीनमध्ये घुसल्या. कँटीन चालवणारी याच शाळेची माजी विद्यार्थिनी, आता चार पोरांची आई, हात पिठात.

"खरं सांग. मी थांब्यात फिरायचे तेव्हा तू तोंड सरळ करायचीस?"

"म्हणजे काय! सगळ्याच करायचो." ती खदखदून हसली. "बाई, तुमच्या चपला पाचवीत वाजल्या की आम्ही सातवीत तयार. मी तर एकदा तोंडात लिमलेटची गोळी धरून संत झाले होते. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, किती शांत पोरगी म्हणून!"

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? तुम्हाला बरं वाटायचं ना."

भिंगरीबाईंना हसावं की रडावं कळेना. हसल्या थोडं. मग तरातरा दहावीच्या वर्गाकडे गेल्या. तास सुरू झाला होता. त्यांनी रेडिओला नकाशे उचलायला म्हणून बाहेर बोलावलं आणि भूगोलाच्या रिकाम्या वर्गात नेलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, बाई?" तिचे डोळे थेट भिंगरीबाईंच्या डोळ्यांत.

"बाक हलवलेत ते तुला दिसलं नाही."

मुलीची मान जरा वाकडी झाली. आता झाकायचं कारण उरलं नव्हतं.

"मागच्या वर्षी मधोमध ठिपका आला," ती म्हणाली. "आता मोठा झालाय. कडेचं सगळं दिसतं. मधलं नाही. तुमच्याकडे सरळ बघितलं ना, तर तुमचे कान दिसतात. तोंड नसतं."

"अगं! आणि अभ्यास?"

"ताई वाचून दाखवते. तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. वर्गात ऐकते. ऐकलेलं राहतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलं की चिठ्ठी मिळते. चिठ्ठी शाळेत द्यावी लागते." तिचा आवाज घाईघाईचा झाला. "पलीकडच्या शाळेत घेताना फळ्यावरचं वाचायला लावतात. शेजारच्या घरातल्या मुलाला वाचता आलं नाही, तर म्हणाले, याला वेगळ्या शाळेत घाला, ती दुसऱ्या गावात. बाई, दहावी इथे होऊ दे मला. पण सगळ्या म्हणतात शाळा जाणार. तुम्ही नाही म्हणणार आहात, आणि गाडीतून फिरायला जाणार आहात."

"सगळ्यांना कसं माहीत?"

"शिपाईकाका म्हणाले. बाई, जाणार आहात का?"

भिंगरीबाईंनी भिंतीवरच्या नकाशाची सुटलेली दोरी बांधली. बांधलेली परत सोडली. एका माणसाच्या तोंडून 'नाही' निघालं की कुणाचं काय जातं, ते आता समोर उभं होतं, मान वाकडी करून, त्यांच्या कानांकडे बघत. आणि दुसऱ्या बाजूला टेम्पोतली ती पाठ होती. त्यांना वाटलं, हा पेच कुणाच्या डोक्यावर मारता आला असता तर किती बरं झालं असतं.

"तू इथेच थांब," त्या म्हणाल्या. "वर्गात जाऊ नकोस. आलेच."

*

कचेरीत वकीलसाहेबांनीच सुरुवात केली.

"बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मघाशी तुमचा पाय हलला. जरासा वेळ उभं राहायचं होतं."

"हलला."

"कारण?"

भिंगरीबाईंच्या जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. पोरीचं गुपित वकिलाच्या आणि कंत्राटदाराच्या पुढ्यात मांडायला ते काही चहाबरोबरचं बिस्किट नव्हतं. "कारण होतं. सांगणार नाही."

कंत्राटदार हसला. "शाळा चालवायची म्हणजे बूड टेकावं लागतं, बाई."

फादर जरा अवघडले. "मदर, तुमचं काय म्हणणं?"

पण भिंगरीबाईच मदरकडे वळल्या होत्या. "तुम्हाला माहीत होतं? मी जवळ गेले की पोरी तोंडं सरळ करतात ते?"

"होतं की. त्या पायरीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकीला माहीत असतं."

"आणि मला सांगितलं नाहीत! मी आपली चेहरे वाचत फिरत होते खुळ्यासारखी!"

"सांगितलं असतं तर तू गुपचूप चालायला लागली असतीस," मदर म्हणाल्या. "अगं, तू वाजत गेलीस म्हणून तर त्या सावरायच्या. आणि तू पुढे गेलीस की मागे सगळं सैल व्हायचं, ते मला वरून दिसायचं. कोण काय झाकतंय ते त्यांनी सावरल्याशिवाय कळतंय का? तू नसतीस तर मला नुसती डोकी दिसली असती. मग मी संध्याकाळी तुला म्हणायचे, खिडकीकडच्या वर्गात नीट बघ."

भिंगरीबाईंनी हेरलेल्या सगळ्या पोरी एकेक करून डोळ्यांपुढून गेल्या, आणि प्रत्येकीच्या मागे म्हातारीचं बोट दिसलं. आपलं म्हणून जे मिरवलं ते निम्मंच आपलं होतं. राग आला. मग राग कुठे ठेवावा ते कळेना.

"मग आताची?" त्यांनी हळू विचारलं. "आता जे मी पाहिलं, ते तुम्हाला का नाही दिसलं?"

मदरनी चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, परत घातला. त्याने काही फरक पडत नाही हे दिसत होतं. "मला आता पायरीवरून डोकीसुद्धा धड दिसत नाहीत. म्हणून तर तुझ्या मागे लागले. गुडघ्यांचं निमित्त. तू काही पाहिलंस, हे मला जिना करकरला तेव्हा कळलं. आणि पाहून खाली धावली नाहीस, हेही कळलं. मला तेवढंच बघायचं होतं."

कंत्राटदार आणि वकील एकमेकांकडे बघू लागले. हे बोलणं त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. फादर मात्र पुढे झुकून ऐकत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं उत्तर?"

"हो." त्या एवढ्या पटकन म्हणाल्या की त्यांच्याच कानांना ते परक्याचं वाटलं. "पण आधीच सांगते. मी खुर्चीत फार वेळ सापडणार नाही. पालकांना भेटेन ते चालता चालता. आणि कुठल्याही मुलीला फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणून इथून कुणी काढणार नाही. ते आज, तुमच्या समोर, लिहून घ्या."

"हे मध्येच फळ्याचं काय?" वकील म्हणाले.

"लिहून घ्या," फादर म्हणाले. मग मदरकडे वळून, "जोडणीचा विषय आपण तूर्त बाजूला ठेवू." तूर्त हा शब्द कंत्राटदाराने नीट ऐकला. भिंगरीबाईंनीही ऐकला. लढाई संपलेली नाही, एवढं दोघांनाही समजलं. "बसा ना बाई, चहा येतोय."

"नको. एक फोन करायचाय."

त्यांनी कचेरीतल्याच फोनवरून घरी लावला. बराच वेळ वाजला. वायर पुरेल तेवढ्या त्या टेबलाभोवती फिरल्या.

"हॅलो," नवरा म्हणाला.

"अहो, टेम्पो घेऊन या. आत्ता."

"कुठे जायचंय?"

"डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. एक मुलगी आहे, शाळेतली. तिच्या ताईलाही वाटेत घ्यायचंय."

भिंगरीबाईंना वाटलं, लाइन तुटली.

"म्हणजे हो म्हणालीस," तो म्हणाला.

"हो म्हणाले. अहो, मी तुम्हाला..."

"थांब. बोलू नकोस आता काही." त्याचा खाकरण्याचा आवाज आला. "मागे बसायला जागा नाही. पलंग काढावा लागेल. गादी उतरवतो, फळ्या उतरवतो. वेळ लागेल थोडा."

"मी येऊ का मदतीला?"

"नको. तू आलीस की दुप्पट वेळ लागेल."

त्याने फोन ठेवला. भिंगरीबाई जिना उतरल्या, भूगोलाच्या वर्गातून मुलीला घेतलं, डॉक्टरची चिठ्ठी आली तरी इथून कुणी काढणार नाही असं तिला सांगितलं आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. उभ्या कसल्या, फाटकाबाहेर गेल्या, आत आल्या, परत बाहेर गेल्या. रस्ता रिकामा होता. घरी तो एकटा फळ्या उपसत असेल, त्या दुखऱ्या कंबरेने.

"आले का, बाई?" मुलीने विचारलं.

"येतील," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वळणापर्यंत बघून आल्या.